वरच्या तुकड्यातली छाटणी

माझ्या मोठ्या भावाला आयुष्यात दोनच गोष्टी नीट येतात. वेल छाटणं आणि गप्प बसणं. पहिलीबद्दल त्याचं लांबलांबपर्यंत नाव झालं. दुसरीबद्दल मी सांगते, कारण त्या गप्प बसण्यात माझाही वाटा आहे आणि आता मला ते गिळून बसवत नाही.

आम्ही दोघं एकाच द्राक्षमळ्यात कामाला. तो चौदाव्या वर्षी लागला, मी नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा लागले. मळा डोंगराच्या उतारावर आहे, जागा थंड. खालच्या गावात लोक स्वेटर धुऊन ठेवून देतात तेव्हा आम्ही अजून हात चोळत असतो. आमच्याकडे शिराझ जातीचं काळं द्राक्ष आहे आणि ते आमच्या भावासारखंच, आपल्या वेळेलाच पिकणार. बाकीचे मळे रिकामे होऊन महिना झाला तरी आमचे घड वेलीवर लटकलेले. गरम जागेतल्या शिराझची वाइन म्हणे जाड आणि गोडसर होते. आमची सडपातळ, आणि तिला मिऱ्यांचा वास. थापा नाही मारत. तळघरात हौदावर चढून मी साली दांड्यानं खाली दाबते ना, तेव्हा शेजारी कुणीतरी मिरी कुटत बसलंय असं वाटतं. पहिल्या वर्षी मी तिथं दोनदा शिंकले तर दादा मुकादमाला म्हणाला, "हिला घरी पाठवा, माल नासवेल." असा प्रेमळ भाऊ.

मळ्याचा सगळ्यात वरचा तुकडा मालकीणबाईंच्या आजोबांनी लावलेला. तीनशे बारा वेली, एकेकीचं खोड माझ्या मांडीएवढं. पीक थोडंच येतं, पण त्याची वाइन वेगळ्या पिंपांत भरतात, वेगळं लेबल लावतात, आणि मळ्याला जी काही किंमत आहे ती त्या लेबलामुळे. या तीनशे बारा वेली दादानं तीस वर्षं एकट्यानं छाटल्या. दुसऱ्या कुणाला कात्री लावू दिली नाही. वहिनी होती तेव्हा म्हणायची, "एक सवत आणली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. या तीनशे जणींशी मी कुठं कुठं भांडू?" बिचारी हसत हसत म्हणायची, पण खोटं काही नव्हतं त्यात. तिच्या वाढदिवसाची तारीख त्याला आठवायची नाही, आणि नवव्या ओळीतल्या कुठल्या वेलीला कुठल्या साली गारा लागल्या ते तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा.

हिवाळ्यात पानं गळली की छाटणी. आमची कामाची रीत ठरलेली. पुढं दादा, कात्री आणि करवत घेऊन. मागं मी, पेस्टचा डबा आणि ब्रश घेऊन. त्यानं काप घेतला की मी त्यावर पेस्ट थापायची, कारण लाकडाची जखम उघडी राहिली तर तिच्यातून बुरशी आत शिरते. पावसात ती बुरशी हवेतच असते. म्हणून नियम दोनच, आणि ते मळ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल: ओल्यात कापायचं नाही, काप उघडा ठेवायचा नाही. मला हे शिकवलं दादानंच. एकदा माझे दोन काप राहून गेले होते तर दिवस मावळताना त्यानं मला अख्ख्या ओळीतून परत फिरवलं होतं आणि स्वतः बांधावर बसून राहिला होता.

मग लंबू आला. उंच होता म्हणून लंबू. दादापेक्षा वीस वर्षांनी लहान, डावखुरा, बोलायला कमी, आणि बोलला की बरोबर निघायची वाईट खोड. खालच्या सगळ्या ओळी त्याच्याकडे आल्या. तो दादाला मान द्यायचा, "दादा, तुम्ही सांगा" असं म्हणायचा, पण मालकीणबाई हळूहळू दोघांना विचारायला लागल्या. आधी दादाला, मग लंबूला. पुढं पुढं आधी लंबूला. दादा घरी येऊन काही बोलायचा नाही, फक्त जेवताना पाण्याचा पेला आपटायचा. तेवढ्यावरून मी ओळखायचे.

त्याला आता आठ वर्षं होतील. त्या हिवाळ्यात वरच्या तुकड्याचं मोठं काम काढलं होतं. तारेवर दोन्ही बाजूंना पसरलेले जुने जाड हात, त्यांना आम्ही ओलांडे म्हणतो, ते करवतीनं काढून टाकायचे आणि नव्या काड्या बांधायच्या. म्हणजे एकेक काप मनगटाएवढा. आणि पाऊस नुसता मी म्हणत होता. तीन आठवडे झाले तरी उघडीप नाही. शेडमध्ये सगळे जमले होते, मालकीणबाईंनी विचारलं, काय करायचं. लंबू म्हणाला, "थांबू या. वेलींचे डोळे फुटायला अजून वेळ आहे. उशीर झाला तर चालेल, ओल्यात करवत नको."

"बरोबर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "लंबू म्हणतो तसं करा." आणि त्या वाइनच्या विक्रीसाठी आठवडाभर बाहेर निघून गेल्या. दादाला कुणी विचारलंच नाही.

अहो, तोही तेच सांगणार होता. हेच तर दुखणं आहे. लंबू आधी बोलला नसता तर दादानं अगदी तेच शब्द उच्चारले असते आणि दिवसभर तोऱ्यात फिरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची माणसं तळघरात पिंपं धुवायला गेली. दादा माझ्या दारात उभा. म्हणाला, "डबा घे."

"पाऊस आहे."

"भुरभुर आहे नुसती."

"मालकीणबाईंनी थांबायला सांगितलंय ना?"

"थांबायचं कधी ते तीस वर्षं मी सांगत आलो. आता ते मला लंबूनं शिकवायचं?"

मी नाही म्हणू शकले असते. माझ्या तोंडाला काही कुलूप नव्हतं, एरवी कुठं असतं? पण तो माझा भाऊ, नवऱ्याच्या घरून आले तेव्हा काही न विचारता त्यानं माझी पेटी उचलून आत ठेवली होती. मी डबा घेतला. तीन दिवस तो कापत गेला आणि मी मागनं थापत गेले, आणि ती पेस्ट ओल्या लाकडावर धरेना. सालीवरून पांढरे ओघळ खाली जात होते. मी सांगितलं त्याला. तो म्हणाला, "ऊन पडलं की दुसरा हात मारू." दिवसभर तो वळून बघत नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं की तो मागं का बघत नाही.

ऊन पडलं तोवर मालकीणबाई परतल्या होत्या. आता डबा घेऊन वर गेलो असतो तर चार जणांनी विचारलं असतं, हे कापलं कधी? म्हणून दुसरा हात राहिला तो राहिलाच. शेवटच्या दोन ओळी बाकी होत्या, त्या दादानं कोरड्या दिवशी लंबूला छाटायला दिल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांना वाटलं, म्हातारा वितळला. आणि वहीत सगळ्या तुकड्याची तारीख त्याच कोरड्या आठवड्याची घातली. लंबूनं वर येऊन बाकीचे काप बघितले, त्यांच्याखाली वाळलेले पांढरे ओघळ बघितले, आणि दादाकडे बघितलं. काही बोलला नाही. मोठ्या माणसाचा आब राखला. पुढं तेच त्याच्या मुळावर आलं.

ही बुरशी लगेच दिसत नाही. पाच वर्षं वेली फुटल्या, घड धरले, वाइन झाली, लोकांनी वाहवा केली. मधल्या काळात वहिनी गेली. मला वाटायला लागलं, सुटलो. सहाव्या वर्षी वसंतात वरच्या तुकड्यात फुटवा आला तो खुरटा. पानं बोटाच्या नखाएवढी, पिवळी, कडेनं फाटलेली. एका ओळीत नाही, बारा ओळींत. फक्त शेवटच्या दोन ओळी हिरव्यागार. दादा रोज सकाळी वर जायचा आणि खाली आला की चहा न घेता तसाच कामाला जायचा.

मालकीणबाईंनी शहरातून वेलींचा डॉक्टर आणला. त्यानं एक खोड आडवं कापलं आणि आम्हाला दाखवलं. आत कलिंगडाच्या फोडीसारखा काळा त्रिकोण, मेलेलं लाकूड. तो म्हणाला, पाचसहा वर्षांपूर्वी ओल्यात मोठे काप घेतलेत आणि उघडे सोडलेत. आता खोडं गुडघ्याखाली कापा, काळं जिथं संपतं तिथं. खालून नवा फुटवा आला तर वेल जगेल. काळं मुळापर्यंत गेलं असेल तर उपटा. इतकं सरळ बोलला तो, जणू जुने पडदे काढायचे आहेत.

संध्याकाळी ऑफिसात दादाला आणि लंबूला बोलावलं. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, मुद्दामच. मालकीणबाईंनी वही उघडली. तारीख होती, नाव नव्हतं. त्यांनी विचारलं, "त्या वर्षी वर कोण होतं?"

दादा म्हणाला, "दोघं होतो."

लंबूनं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "शेवटच्या दोन ओळी माझ्या. बाकी दादांनी पावसात कापल्या, तुम्ही बाहेर होतात तेव्हा."

"मग पाच वर्षं बोलला का नाहीस?"

"दादांचं नाव कसं घेणार."

"आणि आज घेतोस?" मालकीणबाई दादाकडे वळल्या. "दादा, तुम्ही पावसात कापलंत?"

मला आठवतं, भिंतीवरचं घड्याळ, त्यांच्या टेबलावरचा भिंगाचा पेपरवेट, सगळं आठवतं. दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "आठवत नाही."

लंबू म्हणाला, "वर जाऊन काप बघा. माझा हात डावा आहे. माझी करवत उलट्या बाजूनं उतरते. एकेक काप सांगेल कुणाचा ते." मालकीणबाई म्हणाल्या, पाच वर्षांच्या जुन्या लाकडावर काय दिसणार आहे, आणि वही मिटली. महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं. घरं मळ्याचीच होती.

जायच्या दिवशी लंबूची बायको माझं पातेलं परत द्यायला आली. सामान टेम्पोत चढलं होतं, मुलगी पुढच्या सीटवर बसली होती. पातेलं माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "ताई, पेस्टचा डबा तर तुमच्याकडे असायचा ना. पाऊस होता की नव्हता?"

मी म्हणाले, "मला गं कुठं आठवतंय आता."

ती माझ्याकडे बघत राहिली. पातेलं घासून लखलखीत केलं होतं तिनं. भावाला नावं ठेवते मी, पण माझी जीभ तेव्हा कुठं झडली होती? मी त्याच्याएवढीच खोटारडी, वर मला आठवलंही लगेच, ती पायरी उतरायच्या आत. हाक मारली नाही.

आसपासच्या मळ्यांत लंबूला कुणी उभं केलं नाही. आमच्या धंद्यात चोराला काम मिळेल, दारुड्याला मिळेल, पण ज्यानं जुन्या वेली सडवल्या असं नाव झालं त्याला कुणी कात्री देत नाही. शेवटी तो दोन तासांवरच्या एका कारखान्यात सिमेंटचे पाइप रचायला लागला असं कळलं.

त्या शरदात वरच्या तुकड्यातल्या जुन्या खोडांवरची शेवटची तोडणी झाली. एरवीच्या चौथ्या हिश्श्याएवढे घड, दाणे लहानमोठे, पण वाइन निघाली. मग हिवाळ्यात दादानं ती खोडं कापली. एकट्यानं, कोरड्या दिवशी, एकेक. कापलं की वाकून आत बघायचा. काळं असलं की आणखी खाली. काही वेलींना तो जमिनीपर्यंत आला तरी काळंच. मी मागनं दोन-दोन हात पेस्ट लावत होते आणि आम्ही अख्ख्या हिवाळ्यात वीस वाक्यंही बोललो नसू. तोडलेली खोडं पेटवली तेव्हा तो धुरात उभा राहिला, खोकला आला तरी हलला नाही. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. दुसरा एक माणूस तिकडे सिमेंट उचलत होता.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, ती शेवटची वाइन बाटल्यांत भरून तयार झाली. मालकीणबाईंनी पाहुणे बोलावले, तळघरात टेबलं मांडली, पांढऱ्या चादरी टाकल्या. मी ग्लास पुसत होते. पाहुण्यांनी ग्लास फिरवले, नाकं खुपसली, मिरी म्हणाले, कुणी जांभळी फुलं म्हणालं, कुणी भिजलेला दगड. दगडाचा वास यांना कुठून येतो देव जाणे. मीही एक घोट घेतला. चांगली होती. खरं सांगते, इतकी चांगली कधीच झाली नव्हती, आणि उरलेली मी मोरीत ओतून दिली.

मालकीणबाईंनी दादाला पुढं ओढलं. म्हणाल्या, "एका माणसाच्या हलगर्जीपणामुळं हा तुकडा गेलाच होता. तो वाचवला या हातांनी." आणि त्याचा हात धरून वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला ग्लास दिला तो त्यानं तसाच टेबलावर ठेवला आणि कामाच्या बुटांनिशी त्या पांढऱ्या चादरींच्या टेबलांमधून बाहेर निघून गेला. पाहुण्यांना वाटलं, साधा माणूस, गहिवरला.

घरी मी त्याला धरलं. "झालं समाधान? टाळ्या मिळाल्या ना?" असं बरंच काही बोलले, सगळं इथं सांगण्यासारखं नाही. मला वाटलं तो नेहमीसारखा पेला आपटेल. तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "मला त्या दिवशी आठवत होतं गं."

"मला माहीत आहे. मलाही आठवत होतं."

"उद्या सांगतो."

सकाळी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. दादानं टोपी काढली आणि सगळं सांगितलं. तीन दिवसांचा पाऊस, वहीतल्या खोट्या तारखा, लंबूच्या दोन ओळी. शेवटी म्हणाला, "मला काढून टाका. त्याला परत बोलवा."

मालकीणबाई कागदावर सही करत होत्या. सही पुरी केली. मग म्हणाल्या, "दादा, मला माहीत आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"त्याच संध्याकाळी मी वर जाऊन आले होते. तो म्हणाला तसे काप बघितले. बारा ओळी तुमच्या हाताच्या, दोन त्याच्या. इतकं स्वच्छ दिसत होतं."

"मग त्याला का घालवलंत?" हे मी विचारलं.

"बारा ओळींची खोडं कापायची होती. काळं कुठं संपतं ते बघून, एकही वेल फुकट न घालवता. लंबू चांगला होता, पण दादांचा हात त्याला नव्हता. आणि एवढं मोठं नुकसान झाल्यावर कुणाला तरी काढावं लागतंच, नाहीतर लोक मला जाब विचारतात." त्यांनी दादाकडे बघितलं, रागानं नाही. "तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला असता तर मला तुम्हाला काढावं लागलं असतं. तुम्ही आठवत नाही म्हणालात. माझं काम सोपं झालं. लंबूच्या जागी आता दुसरा आहे. जा, खालच्या ओळींच्या तारा ढिल्या झाल्यात त्या बघा."

तो तारा बघायला गेला. मी सांगते ना, गेला. दुपारपर्यंत पाना घेऊन तारा आवळत होता.

रविवारी आम्ही बसनं लंबूच्या गावी गेलो. कारखान्याच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग, तिसरी खोली. त्यानंच दार उघडलं. वाकला होता थोडा, केसांत आणि भुवयांत सिमेंट. मागं त्याची बायको भाजी चिरत होती, तिनं मला बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

दादानं पायरीवर उभं राहूनच सांगितलं. "मी कापलं. पावसात. तू थांब म्हणालास म्हणूनच कापलं. आणि मला सगळं आठवत होतं."

मी म्हणाले, "मलाही." ते मी तिच्याकडे बघून म्हणाले.

मला वाटलं, आता हा शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या, मी त्याच घ्यायला आले होते. लंबूनं दादाच्या हातांकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "किती जगल्या?"

"एकशे नव्वद," दादा म्हणाला.

"मला वाटलं होतं, शंभरसुद्धा राहणार नाहीत," लंबू म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिथंच उभे राहिलो. आतून पुन्हा सुरीचा आवाज यायला लागला. थोड्या वेळानं दादा म्हणाला, "त्यानं आत या म्हटलं नाही गं."

"का म्हणावं?" मी म्हणाले, आणि त्याचा दंड धरून त्याला बसथांब्याकडे घेऊन निघाले.